मेणकागदातले सहा रॉड

३ मार्च १९९६, रविवार

या वहीत आजवर मी फक्त कामाच्या नोंदी केल्या आहेत. कुठला पार्ट कुठून आला, रंगाचे किती हात दिले, कुठला नट कितपत आवळला. आज पहिल्यांदा माणसांबद्दल लिहितोय. कारण बायकोला, आर्डिसला, काही सांगायला जावं तर ती शेवटी माझीच चूक काढते.

चर्चनंतर कॉफी पिताना हार्लन फ्रीसन जवळ आला. हार्लनचं जुन्या गाड्यांचं भंगार-आवार आहे, आमच्या जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं. म्हणाला, "वेंडेल, ऐकलंस का? तुझ्या म्हाताऱ्याचा ट्रक सापडला."

"कुठला ट्रक?" मी विचारलं. कुठला ते मला बरोब्बर कळलं होतं.

१९४९चा शेवरोले, अर्ध्या टनाचा, गडद हिरवा. बाबांनी कोरा घेतलेला. मी गाडी चालवायला शिकलो ती त्याच्यावरच. १९७४ साली बाबा पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, तेव्हा मी तो भंगारात देऊन टाकला. दोन वर्षं बंद पडून कोठारासमोर वाट अडवून उभा होता. त्या काळी असल्या गाड्यांना कुत्रं विचारत नव्हतं. बाबा घरी आले, रिकाम्या जागेकडे बघितलं आणि म्हणाले, "गवत वाढलंय तिथं." बावीस वर्षं झाली, त्यावर दुसरं वाक्य नाही.

तर तो ट्रक, भंगारवाल्याने बहुधा पुढे कुणाला विकलेला, नदीपलीकडे एका शेताच्या कडेला, झाडांच्या रांगेत रुतून बसला होता. उचलला कोणी, तर नोएमी ओचोआने. ही बाई सहकारी धान्यकोठारात वेल्डिंग आणि दुरुस्तीचं काम करते. पस्तिशीची असेल. दारावरचा गंज घासताना तिला नाव दिसलं, 'ए. सँडबर्ग'. तिने फोनचं पुस्तक उघडलं आणि सरळ बाबांना फोन लावला.

मला नाही लावला. माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर जुन्या ट्रकांच्या प्रदर्शनांत जिंकलेल्या सतरा रिबिनी आहेत. जुन्या ट्रकांबद्दल कोणाला विचारायचं ते इथल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक आहे.

९ मार्च, शनिवार

बघून आलो. निव्वळ कुतूहल म्हणून.

नोएमीची शेड म्हणजे पत्र्याचा एक खोका. जमीन मातीची. ट्रकच्या केबिनचा तळ पार गेलाय, एका कोपऱ्याची गोल काच नाही, डाव्या दाराची खालची बिजागरी गंजून पार जाम झालीय. मी सवयीने यादी करत होतो. वळून बघतो तर बाबा एका पालथ्या बादलीवर बसलेले. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, आणि मांडीवर बिजागरी घेऊन तिच्यावर हातोडी चालवतोय.

"बाबा, तुम्ही इथं काय करताय?"

"पिन काढतोय," ते म्हणाले. मान वर केली नाही.

नोएमी म्हणाली, "डॉन अल्विन म्हणतात, तापवायची नाही. तेल सोडायचं आणि धीर धरायचा. तीन दिवस तेल सोडतोय."

डॉन अल्विन! स्पॅनिशमधलं 'साहेब'. आख्ख्या गावात बाबांना कोणी 'मिस्टर'सुद्धा म्हणत नाही.

मी तिला सांगितलं, ही बिजागरी नवी मिळते, कॅटलॉगमध्ये आहे, एका आठवड्यात घरपोच. ती म्हणाली, "हो? बघते." तेवढ्यात बाबांच्या हातातली पिन टक्कन बाहेर आली, आणि दोघं असे ओरडले, जणू गावाच्या संघाने सामना जिंकला.

१६ मार्च, शनिवार

या आठवड्यात बाबा रोज तिच्याकडे. सकाळी नऊला जातात. त्यांचं घर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. मी मुद्दाम बघत नाही, पण माझ्या खिडकीतून रस्ता दिसतो.

२४ मार्च, रविवार

बाबा जेवायला आले होते. आर्डिसने बटाट्याचे सॉसेज केले होते, आजीच्या पद्धतीचे. बाबांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "आर्डिस, मिरची आहे का गं घरात?"

माझ्या हातातला काटा तसाच राहिला. मिरीचा एक दाणा जास्त पडला तर हा माणूस आयुष्यभर खोकत आला. कळलं ते असं, की नोएमी दुपारी तामाले आणते, मक्याच्या पिठाचे वाफवलेले, सोबत हिरव्या मिरच्या, आणि बाबा त्या चावून खातात.

"जीभ भाजत नाही?" मी विचारलं.

"भाजते की. म्हणून तर खायची."

मग जेवण संपेपर्यंत ट्रक, ट्रक आणि ट्रक. केबिनचा तळ तिने सपाट पत्र्यातून कापून कसा वळवला, सांधा कसा दिसतच नाही. मी सांगितलं, माझ्या १९५४च्या ट्रकचा तळ मी तयार आणून बसवला, अगदी मूळ कारखान्यासारखा. "हो, छान आहे," बाबा म्हणाले. छान आहे. बशीतल्या काकडीला म्हणावं तसं.

नंतर आर्डिस भांडी पुसता पुसता म्हणाली, "तू एकदा तरी त्यांना तुझ्या कामाला हात लावू दिला आहेस का?"

का नाही? गेल्याच वर्षी त्यांनी माझ्या ट्रकचं बॉनेट उघडलं होतं. ठिणगीच्या पॉइंटचं अंतर बघतो म्हणाले. त्यांच्या पट्ट्याचं बकल रंगाला लागत होतं, म्हणून मी म्हटलं, "राहू दे बाबा, मी बघतो." एवढंच. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यांना वाटलंही नाही. ते लगेच घरी गेले.

११ एप्रिल, गुरुवार

तिने इंजिन उघडलं. हार्लनकडून कळलं.

आता खरी कसोटी. सहाही कनेक्टिंग रॉडमधला, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी जोडणाऱ्या दांड्यांमधला, बेअरिंगचा पांढरा धातू तडकलाय. हा धातू त्या काळी रॉडमध्येच वितळवून ओतत. आजच्यासारखी बेअरिंगची वाटी काढली आणि नवी घातली, असं नाही. असे ओतलेले रॉड मिळत नाहीत. ओरेगनात एक माणूस ओतून देतो, पण त्याच्याकडे चार महिन्यांची रांग आहे. हार्लनने बाबांना तसं सांगितलं, तर बाबा म्हणाले म्हणे, "चार महिने माझ्याकडे आहेत का, ते आधी डॉक्टरांना विचारून ये."

मला हसू आलं. मग बरं वाटलं. इथं वहीत खोटं कशाला लिहायचं? बरं वाटलं. कॅटलॉगला नाकं मुरडणाऱ्यांना कळू दे आता.

१३ एप्रिल, शनिवार

हार्लनच्या आवारात गेलो होतो, आरशाची दांडी शोधायला. त्याने नुकतंच एका बंद पडलेल्या गॅरेजचं सगळं सामान उचललंय. माळ्यावरचे खोके अजून उघडायचे होते. एका खोक्यात मेणकागदात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. कागद सोडला. रॉड. १९४९च्याच इंजिनाचे, सहाच्या सहा, न वापरलेले, आतला धातू चांदीसारखा. सहाही ओळीत मांडून बघितले. असं काही सापडलं की मी नेहमी असंच करतो, मग ते माझ्या कामाचं असो वा नसो.

हार्लन म्हणाला, "अरे वा! अल्विनला लगेच फोन करतो."

मी म्हटलं, "कशाला? मीच पोचवतो. वाटेवरच आहे."

"हे बरं झालं," हार्लन म्हणाला. "तुझ्याच हातून जाऊ देत."

हे मी म्हटलं तेव्हा मनातून म्हटलं होतं. खोका शेजारच्या सीटवर ठेवून नोएमीच्या गल्लीपर्यंत गेलोही. शेडचं दार सताड उघडं होतं. बाबा बादलीवर बसून काहीतरी सांगत होते, हात हवेत नाचवत, आणि ती पोट धरून हसत होती. मग बाबाही हसले. मान मागे टाकून, तोंड उघडं टाकून. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलेलं नाही. आई असतानाही पाहिलं होतं का, ते आठवत बसलो.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी तसाच पुढे निघालो.

खोका वर्कशॉपमध्ये आहे, रंगाच्या डब्यांमागे. सोमवारी देईन.

१६ एप्रिल, मंगळवार

सोमवारी वारा फार होता.

आज नोएमी स्वतः आली. दारातच उभी राहिली, बूट बघून म्हणाली, "आत यायला काढावे लागतील ना?" मी म्हटलं, नाही, तिथूनच बोल.

"मिस्टर सँडबर्ग, रॉडचं काही जमेल का तुमच्या ओळखीत? इंटरनॅशनल, फोर्ड, सगळ्या जुन्या गाड्यांची माणसं तुम्हाला माहीत आहेत. मी सहा राज्यांत फोन केलेत."

"अवघड आहे," मी म्हणालो. "नंतरच्या मॉडेलचं इंजिन का टाकत नाहीस? सोपं पडेल."

"मी तेच म्हटलं. डॉन अल्विन म्हणतात, थोडं थांबू या. रोज तेच. थांब पोरी, घाई नको." ती हसली. "मला वाटायचं म्हातारी माणसं घाई करतात."

तिची नजर भिंतीवरच्या रिबिनींवरून फिरली. "सुंदर आहे सगळं," ती म्हणाली. अगदी खरं म्हणाली. रंगाचे डबे तिच्यापासून चार हातांवर होते. मी मध्ये येऊन उभा राहिलो. मी म्हटलं, "कळलं काही तर सांगतो."

२८ एप्रिल, रविवार

बाबा जेवायला आले. सॉसेज निमूटपणे खाल्ले. मग कॉफी ढवळत म्हणाले, "वेंडेल, तुझ्या फळ्यांवर काही जुनं पडलंय का रे? रॉड वगैरे?"

"माझी सगळी इंजिनं नंतरची आहेत, बाबा. असले रॉड मी कशाला ठेवू?"

"तेही खरंच," ते म्हणाले. बराच वेळ ढवळत राहिले. ते साखर घेत नाहीत.

तिच्यासाठी माझ्याकडे मागत होते. स्वतःसाठी आयुष्यात काही मागितलं नाही, आणि तिच्यासाठी माझ्या दारात!

आता रॉड द्यायचे तरी कसे, हाही प्रश्नच आहे. इतके दिवस कुठे होते असं विचारलं तर? हार्लनच्या आवारात आज सापडले म्हणावं, तर हार्लन आहे. टपालाने पाठवावेत का? वजन फार आहे.

८ मे, बुधवार

दुपारी बाबा वर्कशॉपच्या दारात येऊन उभे राहिले. मी दाराच्या पट्टीला पॉलिश करत होतो.

"काही हवंय का, बाबा?"

"नाही. चाललो होतो इकडून."

इकडून कुठेच जाता येत नाही, आमची गल्ली बंद आहे. तिथंच उभे राहून ते फळ्यांकडे बघत होते, एकेक फळी, वरून खाली. मला वाटलं धूळ शोधताहेत. मी म्हटलं, "चटईवर पाय देऊ नका हं, ओली आहे." ते पाय मागे घेऊन आणखी थोडा वेळ थांबले. "बरंय मग," म्हणाले आणि गेले.

त्यांची चाल खूप हळू झाली आहे. हे नोएमीला दिसतं का?

१५ मे, बुधवार

आर्डिस बातमी घेऊन आली. बाबा रॉड स्वतः ओतणार आहेत. तरुणपणी त्यांच्या काकांच्या लोहारकामाच्या दुकानात मळणीयंत्रांची बेअरिंग ते ओतायचे, हे मला माहीत होतं. पण त्याला साठ वर्षं झाली. जुने रॉड वितळवून साफ केलेत, नवा धातू मागवलाय, साचा नोएमीने लेथवर बनवलाय.

आर्डिस म्हणाली, "जाऊन बघ तरी. वितळलेला धातू आहे."

मी म्हटलं, "त्यांना माझी गरज असती तर सांगितलं असतं."

१८ मे, शनिवार

बाबा भाजले.

उजवा हात, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि बोटं. पाच रॉड व्यवस्थित ओतून बसवलेही होते. सहाव्या वेळी साच्यात कुठेतरी थेंबभर ओल राहिली होती. धातू आत पडताच फुटून उडाला. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून डोळे वाचले. नोएमीने हात पाण्याखाली धरला, तिच्या गाडीतून नेलं, दवाखान्यातून आर्डिसला फोन करवला. मला नाही. मी वर्कशॉपमध्ये होतो, तिथं घरातला फोन ऐकू येत नाही.

आता दुपारचे चार वाजलेत. त्यांना झोपेचं औषध दिलंय. नोएमी बाहेर बाकावर बसलीय, बाहीला राख, आणि सारखी म्हणतेय, "मी साचा पुसला होता. दोनदा पुसला होता."

मी तिला म्हणू शकलो असतो की चूक तिची नाही. म्हणालो नाही. ही वही काढून बसलो.

१९ मे, रविवार

चर्चला गेलो नाही. सकाळी आठला दवाखान्यात. बाबा जागे होते, हात उशीवर, पांढरा गठ्ठा करून ठेवलेला. खिडकीतून गहू दिसत होता, पिवळा व्हायला लागलेला.

मी खुर्ची ओढली. म्हटलं, "बाबा, रॉड माझ्याकडे आहेत."

"माहीत आहे."

मला वाटलं औषधाच्या गुंगीत बोलताहेत. "हार्लनच्या आवारातले," मी म्हणालो. "सहा. कोरे."

"हार्लनने त्याच दिवशी फोन केला होता. वेंडेल घेऊन येतोय, म्हणाला. मी संध्याकाळपर्यंत शेडमध्येच थांबलो."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. तिचं एक चाक करकरत होतं. ते थांबेपर्यंत मी त्याच्याकडेच लक्ष दिलं.

"मग तुम्ही विचारलं का नाहीत?"

"विचारलं की. जेवताना विचारलं. मग दारात येऊन उभा राहिलो." त्यांनी डाव्या हाताने पांघरूण सरळ केलं. "उद्या आणशील असं वाटायचं. पाच आठवडे वाटत राहिलं. पोरीला मी काही बोललो नाही. आणलेस तर तुझ्या हातून यावेत, म्हणून."

मी माफी मागायची होती. तयारी करून आलो होतो. तोंडातून आलं ते भलतंच. "तुम्ही तिथं हसत होतात," मी म्हणालो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मी, आणि आवाज फाटला. "मी आलो होतो त्या दिवशी. खोका घेऊन दारापर्यंत आलो होतो. तुम्ही हसत होतात. माझ्याकडे तुम्ही कधी येऊन बसलासुद्धा नाहीत."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. एखादा आवाज इंजिनात नेमका कुठून येतोय ते ऐकताना बघतात, तसे.

"तुझ्याकडे बसायला जागा कुठाय, वेंडेल?"

हे मला अजून नीट कळलेलं नाही. माझ्या वर्कशॉपमध्ये तीन खुर्च्या आहेत.

२२ मे, बुधवार

खोका नोएमीला नेऊन दिला. सगळं सांगितलं, काही न वगळता. तिने हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाली, "मी तुमच्या दारात आले होते तेव्हा?"

"तेव्हा माझ्याकडेच होते."

"कुठे?"

"रंगाच्या डब्यांमागे."

ती उठली, शेडच्या दारापर्यंत गेली, परत आली. "चार रात्री मला झोप नाही. मी साचा नीट पुसला नाही म्हणून माणूस भाजला, असं मी माझ्या आईला सांगितलंय. आई मेणबत्ती लावून बसलीय. आणि तुम्ही..." पुढे ती स्पॅनिशमध्ये काय म्हणाली ते मला कळलं नाही. कळायला हवं होतं असंही नाही.

शेवटी तिने एक रॉड उचलला, मेणकागद सोडला, अंगठ्याने धातू चाचपला. "चांगला आहे," म्हणाली. नाइलाजाने म्हणाली. "पण पाच मला नकोत. पाच त्यांनी ओतलेत, ते मी काढणार नाही. एकच लागेल. सहावा."

म्हणजे एवढं करून माझा एकच. बाकीचे पाच परत घेऊन घरी आलो, आणि वाटेत मला त्या रॉडांचाही राग आला. बाबांच्या रॉडांचा. लोखंडाचा हेवा करण्याइतका मी खाली उतरलो आहे.

८ जून, शनिवार

बाबांची पट्टी लहान झालीय. मधली दोन बोटं वळत नाहीत. डॉक्टर म्हणतात, कदाचित वळणारही नाहीत.

आज नोएमीने फोन केला. आवाज कोरडा. "डॉन अल्विन तुम्हाला बोलावताहेत. सहावा बसवायचाय. त्यांचा हात चालत नाही, आणि मला एकटीला वरून-खालून जमत नाही."

इंजिन ट्रकमध्येच होतं, वरचं झाकण काढलेलं, खालची तेलाची कढई काढलेली. बाकीचे पाच त्यांनी भाजण्याआधीच बसवले होते. नोएमीने वरून पिस्टन आणि रॉड खाली सोडला. मी पाठीवर, मातीत, ट्रकखाली. बाबा बादलीवर, चाकाशेजारी. मला फक्त त्यांचे बूट दिसत होते.

रॉडची टोपी लावली, बोल्ट आवळले. टोपी आणि रॉड यांच्यामध्ये कागदाहून पातळ पत्र्या असतात. एक काढली की बेअरिंग घट्ट, एक घातली की ढिलं. हे मी पुस्तकात वाचलंय. मी मोजमापाची दोरी मागितली, प्लास्टिकची असते, दाबून रुंदी बघायची.

"ते राहू दे," बाबा म्हणाले. "रॉड धर आणि आडवा हलव. हाताला काय लागतंय?"

"हलतोय."

"कसा हलतोय?"

काय सांगायचं? "सहज."

"सहज म्हणजे? दार उघडतं तसा, का लोण्यातून सुरी जाते तसा?"

मी पुन्हा हलवला. डोळे मिटले. "दारासारखा."

"मग एक पत्री काढ."

काढली. आवळलं. हलवला. "आता सुरी," मी म्हणालो.

"लोणी थंड का मऊ?"

वरून नोएमीचं हसू ऐकू आलं, लगेच दाबलेलं. मी खरंच विचार केला. "थंड. हिवाळ्यातलं."

"फार झालं. अर्ध्या जाडीची घाल."

असं आम्ही किती वेळ केलं कोण जाणे. माती मानेत गेली, तेल कानात. एकदा पत्री हातातून निसटली आणि मी शिवी दिली, तर बाबा म्हणाले, "ती तुझ्या आजोबांची शिवी. मीही इथंच देतो." शेवटी रॉड अंगठ्याने ढकलला की जड जड सरकायला लागला, कुठे न अडकता. "मऊ," मी म्हणालो. "टेबलावर तासभर ठेवलेलं."

बूट हलले. "बस्स. पिना घाल."

घरी आलो तेव्हा आर्डिसने मला दारातच थांबवलं. म्हणाली, "कपडे बाहेर काढ. आणि हसतोयस कशाला?" मी हसत नव्हतो.

२२ जून, शनिवार

गहू कापणीला आलाय. रस्त्याने यंत्रांची ये-जा सुरू आहे.

सकाळी दहाला ट्रक सुरू झाला. तिसऱ्या प्रयत्नात. धूर, खोकला, मग तो आवाज, जो मी सहावीत असताना शाळेच्या खिडकीतून ओळखायचो. रंग अजून दिलेला नाही. नोएमी म्हणते, देणारही नाही. गंज थांबवून वर तेल चोळणार. माझ्याने हे बघवत नाही, पण मी बोललो नाही.

मला वाटलं होतं, पहिल्यांदा चालवायला बाबा मला सांगतील. मी पुढेही झालो. बाबा म्हणाले, "ट्रक तिचा आहे." नोएमी स्टिअरिंगवर बसली, बाबा खिडकीशी. मधल्या जागेत हत्यारांची पेटी होती. ती उचलायला कोणी हात लावला नाही, मीही नाही. मी मागच्या हौद्यात चढलो.

नदीच्या रस्त्याने निघालो. केबिनच्या मागच्या काचेतून मला त्यांची दोन डोकी दिसत होती. बाबा बोलत होते. डावा हात हवेत, तोंड तिच्याकडे वळवून, एकसारखे. ती मान हलवत होती, मध्येच हसत होती. एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पुन्हा तेच सुरू झालं, जसं मार्चमध्ये व्हायचं. इतकं सगळं होऊनही. मला वाटलं होतं, ते गेलं असेल.

चढ लागला. चढावर इंजिनावर भार येतो, ढिला रॉड असेल तर तिथंच ठोकायला लागतो. बाबा गप्प झाले. नोएमीही. मी हौद्याच्या फळीला कान लावला. सहा सारखे ठोके, एकामागे एक. बाबा मागे वळले, काचेतून माझ्याकडे बघितलं, भुवया वर केल्या. मी हात आडवा फिरवला: काही नाही, छान आहे. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पुढे वळले. पुन्हा तिच्याशी बोलायला लागले.

परत आल्यावर बाबा शेडच्या आत बसायला गेले. नोएमी बॉनेट उघडत होती. विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. विचारलं.

"एवढं काय बोलत होते ते?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून ती माझ्याकडे सरळ बघत नव्हती. "तुमच्याबद्दलच," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही बारा वर्षांचे असताना दुधाचे कॅन भरलेला हा ट्रक एकट्याने घरी आणलात, ते. पाय पेडलला पुरत नव्हते, म्हणे. मग चढ आला. तेव्हा म्हणाले, 'गप्प, आता ऐक. सहावा ऐक. तो वेंडेलने हाताने बसवलाय, मापाशिवाय. माझ्यापेक्षा चांगला बसलाय.'"

ती पुन्हा इंजिनावर वाकली.

मला नाही सांगितलं. अठ्ठावन्न वर्षांत एकदा माझं कौतुक केलं, तेही तिच्यापाशी, आणि मी काचेमागे वारा खात बसलेलो असताना. मला तिचा इतका हेवा वाटला की मी बॉनेटची कड धरून उभा राहिलो.

मग मी तिला म्हटलं, "काय म्हणाले ते पुन्हा एकदा सांग."